मोकळी केलेली गाडी

१० नोव्हेंबर

दिवाळीची सुटी संपली, आज शाळा उघडली. ह्यांनी सकाळी ऑटोत पोरी भरून औंढ्याला नेल्या. गावातल्या चार, तांड्यावरच्या दोन आणि आमची गुड्डी. गुड्डी पुढं, बापाशेजारी. ती तिची जागा. आठवीत गेली तरी सोडत नाही.

दुपारी हे जेवायला आले ते तोंड पाडूनच. भाजीत मीठ नाही म्हणाले. होतं. मग हळूहळू कळलं, घाटी चढताना बालाजीनं मागून येऊन पुढं काढली. बालाजी ह्यांच्या चुलत्याचा पोरगा, दसऱ्याला नवा ऑटो घेतलाय. आमच्या गाडीतल्या दोन म्हाताऱ्या नेहमीसारख्या चढावर उतरून चालत होत्या. त्यानं गाडी थांबवून त्यांना विचारलं म्हणे, "मावशे, बसता का? माही गाडी चढती." बसल्या की त्या.

आपली गाडी जुनी आहे हे मला कधीचंच माहीत आहे. ह्यांना आज कळलं.

ब्लाऊज दोन शिवले. हुक राहिले.

१४ नोव्हेंबर

नवीन खूळ. मोबाईलवर व्हिडिओ बघून बाजारातून चुंबक आणलं. दोन तुकडे, डिझेलच्या नळीला दोन्ही अंगांनी लावायचे आणि पट्टीनं आवळायचे. त्यातून गेलं की डिझेलचे कण म्हणे सरळ होतात आणि गाडीला ताकद येते.

मी म्हटलं, "लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तुमी सरळ झाले न्हाईत. डिझेल कसं व्हईल?"

"तुला गाडीतलं काय कळतंय."

नाहीच कळत. पण नळीच्या बाहेर चुंबक बसलंय हे आतल्या डिझेलला तरी कसं कळतं?

१८ नोव्हेंबर

पिकअप वाढलं. असं हे म्हणतात. सकाळी चहाला पिकअप, रात्री भाकरीला पिकअप. आमच्या घरात देवाचं नावसुद्धा एवढ्या वेळा घेत नाहीत.

गुड्डीला बाजूला घेऊन विचारलं. "पहिल्यासारखीच हाय, मम्मी. पण पप्पाला सांगू नको."

म्हाताऱ्या चढावर अजून उतरतातच. हे म्हणतात, आता जरा वर गेल्यावर उतरतात.

२३ नोव्हेंबर

रविवार. हे दुपारी पडले होते तेवढ्यात नळीचं चुंबक काढून घेतलं. टाचण्यांच्या डब्यात टाकलं. सांडलेल्या सुया काय पटापट उचलतं. एवढं कामाचं चुंबक नळीला बांधून वाया घालवलं होतं.

संध्याकाळी फेऱ्या मारून आले ते खुशीत. "आज तर गाडी उडत व्हती. आता बसलं बघ चुंबक बराबर."

मी गॅसकडं तोंड करून पदर तोंडात कोंबला. डोळ्यांत पाणी आलं हसून. फार दिवसांनी एवढी हसले.

२७ नोव्हेंबर

हसू आवरायला पाहिजे होतं. बालाजी बायकोचा ब्लाऊज न्यायला आला, तर हे त्याच्यासमोर सुरू झाले. पिकअप असं अन् पिकअप तसं, तू पण लाव बालाजी, नव्या गाडीला पण फरक पडतो. माझ्या तोंडातून निघून गेलं, "ते चुंबक चार दिवस झाले माझ्या टाचण्यांत हाय."

बालाजी पोट धरून हसला. हेही आधी हसले. मग नाही. उठून डबा उघडला, चुंबक बाहेर काढलं, त्याला चिकटलेल्या टाचण्या एक एक करून काढून परत डब्यात टाकल्या. सगळ्या. मग चुंबक खिशात घालून बाहेर गेले. बालाजीलाही मग हसता येईना.

रात्री जेवले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

४ डिसेंबर

सोयाबीनचं भाडं घेऊन वारंगा फाट्याला गेले होते. दिवस मावळताना आले. मी मशीनवर बसले होते, दारात गाडी आली तरी मी उठले नाही. आवाज ओळखलाच नाही मी. दुसऱ्याच कुणाची तरी गाडी वाटली.

फाट्यावर एक पंपवाला मिस्तरी आहे. त्यानं इंजिनाचा डिझेल पंप खोलला, कंपनीचं सील तोडलं आणि स्क्रू फिरवून दिला, म्हणजे इंजिनात जास्त डिझेल जातं. मिस्तरी म्हणाला, "कंपनी गाडी को बांध के देती. मैं खोल देता." ह्यांचं ते वाक्य आल्यापासून दहा वेळा म्हणून झालं. गाडी मोकळी केली. बांधून दिली व्हती, मोकळी केली.

मी विचारलं, "पण बांधली काहून असंल?"

"ती चुंबकाची भानगड न्हाई हे. हे खरं हाय. बघशील तू."

माझ्याकडं बघून म्हणाले. म्हणजे अजून ते टाचण्यांचं मनातून गेलेलं नाही.

९ डिसेंबर

अस्तर आणायला औंढ्याला गेले, आमच्याच गाडीत. खोटं कशाला लिहू, गाडी चढली. भरलेली गाडी, पाय ठेवायला जागा नाही, आणि एकीलाही उतरावं लागलं नाही. शेवटच्या वळणावर बालाजी पुढं होता. त्याला मागं टाकलं. मागं एवढा काळा धूर की बालाजी दिसेना. बायांनी टाळ्या पिटल्या. मीपण पिटल्या. हे आरशातून माझ्याकडं बघत होते. हळदीच्या अंगानं बोहल्यावर उभे होते तेव्हासुद्धा एवढे खूश नव्हते.

घरी आल्यावर मात्र बरं वाटेना. चुंबकानं काहीच होत नव्हतं, म्हणून मला त्याची भीती नव्हती. ह्यानं होतंय.

२० डिसेंबर

गाडी डिझेल पाण्यासारखी पिते. ती कसर हे उतारावर भरून काढतात. घाटीचा माथा आला की इंजिन बंद, गाडी न्यूटलमध्ये, आणि सोडून द्यायची खाली. आमच्या रस्त्यावर सगळेच करतात, बालाजीसुद्धा करतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते. उलट बायांना ते आवडतं. फटफट बंद पडली की एकमेकींचं बोलणं ऐकू येतं. माथ्यावर आवाज थांबला की सगळ्या नागनाथाच्या दिशेला हात जोडतात आणि मग गप्पा सुरू.

मीपण परवा जोडले. जोडलेल्या हातांतून ह्यांच्या पायाकडं लक्ष गेलं. आधी गाडी चढत नव्हती म्हणून माणसं कमी बसवायचे. आता चढते म्हणून दीडपट बसवतात, आणि तेवढं सगळं ओझं घेऊन खाली जायचं. इंजिन बंद, गिअर नाही. सगळं त्या एका पायावर.

मनात आलं ते लिहून ठेवलं. जास्त विचार करायची सवय वाईट.

२९ डिसेंबर

गुड्डी म्हणाली, "घाटी उतरल्यावर वास येतो मम्मी. जळल्यासारखा."

"कशाचा?"

"ब्रेकचा. पप्पा म्हणले, बाहीर तोंड कर."

जेवताना विषय काढला. म्हटलं, पंप वाढवला तसे ब्रेक पण वाढवून आणा. हे हसले. ब्रेक काय वाढवायची चीज आहे का म्हणाले. मग भाकरी मोडता मोडता, "ब्रेक कोणाला दिसतात? पिकअप दिसतं."

खरं बोलले ते.

१७ जानेवारी

संक्रांतीचं हळदीकुंकू आज उरकलं. बऱ्याच बाया आल्या. वाण म्हणून माझ्या हातच्या कापडी पिशव्या दिल्या, सगळ्यांना आवडल्या. पाणी दोन दिवसांनी आलं तेही आजच.

तांड्यावरची शांताबाई पण आली. तिची पूजा गुड्डीच्या वर्गात आहे. नवरा ऊसतोडीला गेलाय. ही पोरीच्या शाळेसाठी मागं राहिली, सासूची बोलणी खाऊन. तिळगूळ घेताना म्हणाली, "ताई, आमच्या तांड्यातून पोरगी सातवीच्या म्होरं कोन पाठवित व्हतं? मी सासूला सांगितलं, डायवर सोताची पोरगी म्होरं बसवितो. मग आपल्याला कायचं भेव?"

मी "व्हय" म्हटलं. कुंकू लावताना तिच्या भुवईला लागलं. पुसून परत लावलं.

२ फेब्रुवारी

गुड्डीनं दप्तर ठेवता ठेवता सांगितलं, काही विशेष नसल्यासारखं. सकाळी घाटीच्या पायथ्याला, नाल्याच्या पुलाअलीकडं, कडब्याची बैलगाडी आडवी आली. पप्पांनी ब्रेक दाबला, लागला नाही. पप्पा ब्रेकवर उभेच राहिले. गाडी रस्ता सोडून हरभऱ्यात गेली आणि थांबली. पोरी किंचाळल्या, मग हसायला लागल्या. पप्पा पण हसले.

"पण त्याहींचा पाय थरथर करत व्हता मम्मी. मागच्यांना दिसला न्हाई. मला दिसला."

ह्यांना विचारलं. "लेकराचं काय ऐकती? जरा रस्ता सोडला, बस."

चपलेला हरभऱ्याचा पाला चिकटलेला होता.

५ फेब्रुवारी

गुड्डीला ताप आहे. म्हणजे मी सगळ्यांना तसं सांगितलंय. घरात बसून कंटाळलीय, माझी चिंध्यांची पिशवी उपसून बाहुलीचे कपडे शिवते. तेराव्या वर्षी.

शांताबाई सकाळीच दारात. "पोरगी दिसंना गाडीत. काहून?"

"ताप हाय."

"उद्याच्याला येईल ना? न्हाईतर माही सासू पूजाला पाठवायची न्हाई."

ती गेली आणि मला माझीच लाज वाटली. माझी एक घरात आणि दुसऱ्यांच्या सहा त्या गाडीत. वर मीच त्यांना सांगणार, ताप आहे.

७ फेब्रुवारी

पाठवली गुड्डीला. न पाठवावं तर लोक विचारणार, सांगावं तर ह्यांचा धंदा बसणार. दुसरा रस्ता सुचला नाही.

हे गाडी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "उतरला का ताप?"

कळलंय ह्यांना.

१५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. औंढ्याला यात्रा. ह्यांच्या पहाटेपासून फेऱ्या, घाटीवर काळा धूर दिवसभर. मागच्या फळीवर माणसं उभी, बाजूला लटकलेली, त्यात हे उपाशीपोटी. मला चल म्हणाले. डोकं दुखतं म्हटलं. नागनाथाला जायचं तर त्याच गाडीतून जायचं, आणि त्या उतारावर हात जोडायचे.

घरूनच जोडले. पोरी सुखरूप राहू दे, ह्यांना अक्कल दे. तेवढंच मागितलं.

१६ फेब्रुवारी

नीट लिहिता येत नाही.

सकाळी हे अंगणात गाडी सुरू करून बघत होते. बंद करायला गेले तर बंद होईना. बंद करायची तार ओढली, चावी काढून घेतली. चावी ह्यांच्या हातात आणि इंजिन चालूच. नुसतं चालू नाही, चढतच चाललेलं. आवाज वाढत वाढत असा झाला की पत्रे हादरायला लागले, कोंबड्या भिंतीवरून पलीकडं गेल्या. अंगण धुरानं भरलं. हे गाडीपासून दोन पावलं मागं सरले आणि चावी धरून उभेच राहिले. ह्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं.

बालाजी समोरून पळत आला. हौदात पोतं बुडवलं आणि इंजिन हवा ओढतं त्या तोंडावर अंगाच्या जोरानं दाबून धरलं. बराच वेळ धरलं. मग ते घुसमटल्यासारखं करून थांबलं. बालाजीची बोटं भाजली.

"दादा," तो म्हणाला, "पोरी बसलेल्या असताना असं झालं असतं मंग?"

ह्यांनी मिस्तरीला फोन लावला. मला ऐकू येत होतं. "ज्यादा खुल गया होंगा भाई. आधा चक्कर कस लो. कुछ नहीं होता."

हे स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. अर्धा फेरा कसला.

मी म्हटलं, "पूर्वीसारखी करून आणा. पाया पडते तुमच्या."

"आन मंग? बाया परत उतरून चालतील. हा परत थांबून इचारील, बसता का मावशे."

हा म्हणजे बालाजी. मी त्याच्याच बोटांना हळद लावत होते. त्यानं ऐकलं.

१७ फेब्रुवारी

गाडी गेली. सातही पोरी गेल्या. एकच बाही तीनदा उसवली. संध्याकाळी सगळ्या आल्या.

असं किती दिवस.

१८ फेब्रुवारी

सांगून टाकलं.

दुपारी तांड्यावर चालत गेले. शांताबाईच्या दारात बसून तिला सगळं सांगितलं, पंप, ब्रेक, हरभऱ्यात गेलेली गाडी, परवाचं अंगणातलं. गुड्डीचा खोटा तापसुद्धा. दुसऱ्या पोरीची आई तिथंच होती. मग गावात येऊन बाकीच्या घरांत. गावातल्या आयांनी डोळे मोठे केले, बरं झालं बाई सांगितलं म्हणाल्या. शांताबाई तसं काही म्हणाली नाही. मग म्हणाली, "संक्रांतीला काहून न्हाई सांगितलं?"

आणि मग, "यसटी तांड्यावर येती कुठं, ताई? बसली आता पूजा घरी."

परत येताना रस्ता सरेना. मला वाटलं होतं सांगितलं की छाती हलकी होईल. एका पोरीचा जीव वाचवला म्हणावं की तिची शाळा बुडवली म्हणावं?

हे घरी यायच्या आधीच ह्यांच्या कानावर गेलं होतं. वाटलं, आज हात उचलतील. आजवर उचलला नाही, पण आज वाटलं. हात धुतले, जेवले, ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती, शाळेला सुटी. गुड्डी मिरवणुकीला गेली, फेटा बांधून. छान दिसत होती.

हे दिवसभर गाडी धूत होते. टप, चाकं, सीटच्या खालचा कचरा. पुढच्या काचेला नवा हार घातला. ब्रेककडं बघितलं का ते मला दिसलं नाही, मी मुद्दाम दारात बसून बघत होते तरी.

संध्याकाळी पहिल्यांदा बोलले. "उद्या गुड्डीला तयार ठेव. माही पोरगी बसती का न्हाई, बघू दे गावाला."

"न्हाई बसणार ती."

"तिला इचार."

२० फेब्रुवारी

विचारलं. वेण्या घालताना. म्हटलं, गुड्डी, आपण दोघी पायी रस्त्यापर्यंत जाऊ, तू एसटीनं जा. आजपासून रोज एसटीनं.

"मी पप्पासंगं जाते."

मी जरा चढ्या आवाजात बोलले. ती वळून बघेना, वेणी माझ्या हातात होती. तशीच पाठमोरी म्हणाली, "मी म्होरं बसले ना, की पप्पा हळू उतरवतात. ब्रेक मारा म्हणलं की मारतात. एकटेच गेले तर त्याहींना कोण सांगंल?"

म्हणजे इतके दिवस हे लेकरू पुढं बसून हे करत होतं. आणि मी समजत होते, हौस आहे तिची पुढं बसायची.

मग म्हटलं, मीपण येते. ह्यांनी ऐकलं. "तुला भरोसा न्हाई ना? मंग तू नको बसू." आणि गाडी सुरू केली.

लिंबाखाली रोजच्या जागेवर थांबले. हॉर्न दिला. समोरच्या घरातली पोरगी दप्तर घेऊन दारात आली होती, तिच्या आईनं दंडाला धरून आत नेली. परत हॉर्न दिला. सगळं गाव बघत होतं, दारादारांतून, आणि हे समोर रस्त्याकडं बघत होते. गुड्डीनं मला हात केला. मी धावत जाऊन तिला खाली ओढायला पाहिजे होतं. चार माणसांत ह्यांची आणखी शोभा नको म्हणून मी जागची हलले नाही. एवढ्यासाठी.

मोकळी गाडी, आत एकटी पोरगी. चढ आमच्या घरातून दिसत नाही, आवाज येतो. आज फार लवकर वर गेला. माथ्यावर बंद पडला. इंजिन बंद केलं की गाडी पलीकडं उतरल्यामुळं ऐकू येईनासा झाला, ते काही कळलं नाही.

बालाजीकडं गेले. त्याच्या बोटांना अजून चिंधी बांधलेली आहे. म्हटलं, घाटीपर्यंत जाऊन बघून येशील का, नुसतं बघून ये. काही न विचारता त्यानं गाडी काढली.

त्याला जाऊन बराच वेळ झाला. अजून आलेला नाही.